हाड पक्ष्याचं की वासराचं?

प्रश्न : चाळीसगाव तालुक्यात पाटण्याच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली, असं वाचलं. आमच्या मळ्याशेजारी गिरणेच्या दरडीत एक लांब, जड हाड दिसतंय. नामशेष झालेला, जमिनीवर राहणारा पक्षी हाडांवरून कसा ओळखतात?
– एक वाचक, भडगाव

उत्तर : हाड दरडीतच असेल तर कृपा करून उपसू नका. ओढताना टोकं तुटतात आणि ओळख टोकांवरच ठरते.

‘पक्ष्याचं हाड पातळ आणि पोकळ’ हा ठोकताळा इथे फसवतो. न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यांच्या पायांची हाडं जाड भिंतीची असतात. मधला तुकडा वासराच्या नळीचा वाटतो. आधी पंजावरचं लांब हाड पाहावं, म्हणजे कोंबडीच्या पायाचा खवल्यांचा भाग. ते मुख्यतः तीन हाडं जुळून बनतं आणि खाली पुढच्या बोटागणिक एक कप्पीसारखा उंचवटा असतो. मोराला तीन, शिवाय मागच्या बोटासाठी खूण. माळढोकालाही तीन, पण मागचं बोट नाही. शहामृगाला दोनच. गाय, शेळी यांच्या नळीलाही दोनच असतात, घोळ होतो तो इथेच. जनावराचे दोन्ही जवळपास सारखे आणि मध्यावर उभी धार असलेले. शहामृगाचा एक चांगलाच मोठा, दुसरा लहान. पिलाच्या हाडात जोडाच्या रेषा दिसतात, त्यांना वेगळेपण समजू नये.

नवी प्रजाती ठरवायची तर सांध्याच्या घडणीतला फरक लागतो, हाड नुसतं लहान की मोठं एवढं पुरत नाही. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८३९ साली न्यूझीलंडहून आलेल्या, मांडीच्या हाडाचा सुमारे १५ सेंमीचा, दोन्ही टोकं तुटलेला तुकडा पाहून महाकाय पक्षी ओळखला. त्याला ‘डायनॉर्निस’ हे नाव मात्र पुढे आणखी हाडं आल्यावर १८४३ मध्ये दिलं. त्याच डायनॉर्निसच्या लहान-मोठ्या हाडांवरून वेगवेगळ्या जाती मानल्या गेल्या होत्या. २००३ साली डीएनए तपासल्यावर कळलं, की लहान ते नर आणि मोठ्या त्या माद्या!

तुम्ही एवढं करा : मोजपट्टी ठेवून दरडीसकट फोटो काढा, वरच्या कडेपासूनची खोली आणि थराचा रंग लिहून ठेवा. हाड आपोआप निखळलं तर धुऊ नका, फेविकॉल लावू नका. सावलीत हळूहळू वाळवून कापसात ठेवा, कारण उन्हात ते तडकतं. आसपास कवचाचे तुकडे असले तर जाडी मोजा: शहामृगाचं कवच सुमारे २ मिमी, कोंबडीचं साधारण ०.३ मिमी. मग फोटो आणि मापं पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा.