बाहुलीला उत्तर ठाऊक नको

प्रिय बाय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. लंबक शिकवायचा तुझा बाहुल्यांचा खेळ फसला, दोरीला टांगलेल्या हलक्या आणि जड बाहुलीचे झोके जुळले नाहीत, पोरं हसली, आणि आता पुढच्या वेळी जड बाहुलीच्या पायांतली वाळू तू गुपचूप काढणार, म्हणजे दोघींचे झोके जुळतील. काढू नकोस. काढलीस तर मला सांगूही नकोस.

हलकीचे दहा झोके वीस सेकंदांत, जडीचे एकवीस. का? दोरी तू दोघींच्या डोक्यातल्या हुकापर्यंत सारखी मापलीस. पण हलकीचं वजन करवंटीच्या डोक्यात आणि जडीचं पायांत. म्हणजे जडीचा लंबक चार-पाच बोटं लांब झाला. वजनाने झोका बदलत नाही, लांबीने बदलतो. हे तुला पाठ आहे, पण त्या दिवशी पोरांनी ते जवळजवळ पकडलं होतं. एक पोरगा ओरडला ना, 'टीचर, तिचे पाय जड आहेत'? आणि तू पडदा ओढलास! अगं, तिथेच तर खेळ सुरू झाला होता. बाहुलीने एवढंच म्हणायचं होतं, 'मग वाळू डोक्यात भरून बघूया?'

बाहुलीला उत्तर ठाऊक असता कामा नये. तिने अंदाज करायचा, तो चुकवायचा, मोजायचं, एकाच वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत मोजायचं.

गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपलीकडे, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या एकदा बघून ये. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. सूत कसं धरायचं ते त्यांच्याकडून शीक, संहिता मात्र उचलू नकोस. रामायणात रावण मरणार हे पोरांना आधीच ठाऊक असतं, मजा तो कसा मरतो त्यात. आपल्या खेळात शेवट आधी ठरला की संपलं.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय, तेही ऐक. माझा एक विज्ञानकाका होता. हातमोजा बाहुली, काथ्याच्या मिशा. बशीत पाणी, मधे मेणबत्ती, वर काचेचा ग्लास. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं की काका गरजायचा, 'प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्याने घेतली!' हवेत प्राणवायू 21 टक्के, पाणीही पाचव्या हिश्शापर्यंत चढल्यासारखं वाटायचं. टाळ्या. एकदा पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, 'सर, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी का नाही चढलं? विझल्यावरच एकदम कसं?' काका म्हणाला, 'बस खाली.' म्हणजे मीच म्हणालो.

तासिका पस्तीस मिनिटांची, परीक्षा तोंडावर, पुस्तकातही तेच छापलेलं. कारणं देतोय असं वाटेल तुला. देतोच आहे. पण वीस वर्षं तेच शिकवलं, त्याला कारण पुरत नाही.

निवृत्तीनंतर एकदा पावसात लाईट गेली होती. मेणबत्त्या हाताशी होत्याच, म्हणून एकाच ग्लासाखाली तीन लावल्या. पाणी जास्त चढलं! ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच. मग बघत बसलो. ज्योतीने हवा तापून फुगते, ग्लास ठेवताना थोडी बाहेर निसटते. विझल्यावर उरलेली हवा निवून आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. त्या मुलीने हेच तर विचारलं होतं. तिला आता ते आठवतही नसेल.

हेडमास्तरांना 'संदेश' हवा असेल तर फळ्यावर लिहून दे. बाहुलीच्या तोंडी घालू नकोस. आणि पोरं हसली म्हणून रडायचं काय? दशावतारात संकासुराला हसतात, म्हणून तो रंगमंच सोडून पळतो का?

रविवारी ये. दोन्ही बाहुल्या आण, वाळू आहे तशीच पायांत ठेव. मोजपट्टी माझ्याकडे आहे, ग्लासही आहे. मेणबत्त्या तेवढ्या बाजारातून घे, पाच तरी.

तुझा,
सर