हप्ता निघाला, पण उतरला कुठे?

प्रश्न : औसा तालुक्यात माझी अडीच एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन आणि तूर. केंद्राच्या पीएम किसानचे आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे हप्ते मागच्या वर्षापर्यंत नीट येत होते, मग बंद झाले. सेतूवाला पोरगा म्हणतो, "काका, पेमेंट सक्सेस दाखवतंय." पासबुक भरून आणलं तर आत फक्त मेसेजचे पैसे कापलेले. तालुक्याला चार चकरा झाल्या. पैसे कुणी खाल्ले का?
– एक शेतकरी, जि. लातूर

उत्तर : काका, खाल्ले नसावेत. दुसऱ्याच गोठ्यात बांधले गेले असतील.

हे पैसे खाते क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर सुटतात. तुमचं आधार कोणत्या बँकेकडे लावलंय याची एक नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे बँकाबँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे असते, आणि शेवटी जिथं लावलं तीच बँक खरी धरतात. अर्जावर तुम्ही कोणतं पासबुक जोडलं होतं, हे तिथं कुणी बघत नाही.

मी 31 वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, तरी हे मला घरातच शिकावं लागलं. थोरल्या भावानं आठवडी बाजारात छत्रीखाली बसलेल्या पोराकडून नवं सिम घेतलं. मशीनवर दोनदा अंगठा दिला. पहिला सिमचा. दुसरा कशाचा ते यानं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तो खातं उघडायचा होता! तीन हप्त्यांचे सहा हजार तिकडे पडून, आणि भाऊ सगळ्या भावकीसमोर मला म्हणतोय, "तू कसला रे बँकवाला?"

तर आधी सेतूत 'सक्सेस'च्या पुढं बघायला सांगा, तिथं बँकेचं नाव दिसतं. आधारच्या संकेतस्थळावरही ओटीपी टाकून बँक कळते. नाव ओळखीचं नसलं तरी घाबरू नका. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या केंद्रात जा, मशीनमध्ये तीच बँक निवडा आणि आधी फक्त शिल्लक बघा. भावाचा अंगठा खुरप्यानं इतका झिजलेला की चार वेळा नापास. ओल्या फडक्यानं पुसून मधलं बोट ठेवलं, तेव्हा आकडा उमटला.

मग तुमच्या शाखेत जा, पण "आधार लिंक करा" म्हणू नका. कारकून म्हणेल लिंक आहे, आणि ते खोटंही नसेल, कारण केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधार लावणं वेगळं आणि अनुदानासाठी लावणं वेगळं. "डीबीटीचा, म्हणजे अनुदान थेट खात्यात घेण्याचा, संमती अर्ज द्या" म्हणा आणि पोच घ्या. नमोची यादी पीएम किसानवरूनच चालते, त्यामुळे एक हप्ता मार्गी लागला की दुसराही लागेल. तरी अडलं तर पीएम किसानच्या मदत क्रमांकावर, 155261 ला फोन करा.

प्रश्न : मालक 2023 मध्ये वारले. सातबारा आता माझ्या नावावर झाला. पीएम किसानला नाव लावलं तर लाडकी बहीण बंद होईल, असं शेजारणी म्हणतात. खरं का?
– एक भगिनी, जि. धाराशिव

उत्तर : ताई, अर्धं खरं. 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर आलेली जमीन या योजनेत चालत नाही, पण वारसानं आलेली चालते. फेरफार आणि मृत्यूचा दाखला घेऊन नोंदणी करा. लाडकी बहीण बंद होणार नाही, 1,500 चे 500 होतील. केंद्राचे सहा हजार आणि राज्याच्या नमोचे सहा हजार मिळून वर्षाला 12,000, वर हे 6,000. बेरीज तीच, 18,000. मग खटाटोप कशाला? लाडकी बहीण 65 व्या वर्षी थांबते, शेतकऱ्याच्या हप्त्याला वयाची अट नाही म्हणून.

आणि मालकांच्या खात्यात ते गेल्यानंतरचे हप्ते आले असतील, तर एटीएमनं काढू नका. ते परत भरावे लागतात.