'लाकडी ऊ' नको: ओनिस्कस असेलस आणि दोन गाढवं

प्रश्न असा आहे: युरोपातल्या 'वुडलाउस'ला मराठीत 'लाकडी ऊ' म्हणावं का, आणि त्यातली 'ओनिस्कस असेलस' ही जात ओळखायची कशी?

'लाकडी ऊ' अजिबात नको. ऊ हा सहा पायांचा, रक्तावर जगणारा कीटक. हा प्राणी खेकडा-कोळंबीच्या गोतातला; पाय चौदा, खाणं कुजका पाला आणि मऊ पडलेलं लाकूड. 'पैसा' (मिलिपीड हा किडा) म्हणणंही चूक, कारण पैशाच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, याच्या सात खंडांना एकेकच. आणि कृपा करून याची वाळवी करू नका. धडधाकट लाकडाला हा तोंड लावत नाही. वाचक उगाच कपाटावर औषध मारत बसतो. चांगला मराठी शब्द मिळेपर्यंत सरळ 'वुडलाउस' लिहावं.

खरी मौज शास्त्रीय नावात आहे. प्राणी-वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली ते दिलं. 'ओनिस्कस' ग्रीक, 'असेलस' लॅटिन, आणि दोन्हींचा अर्थ एकच: छोटं गाढव! लिनियसच्या किती तरी आधी, पहिल्या शतकात, ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस यांना 'पाण्याच्या घड्यांखालची गाढवं' म्हणतो. माठ पाझरतो, बुडाखाली ओल धरते, तिथेच हे जमतात. आपल्याकडेही कुंडी किंवा रांजण हलवला की याचे भाऊबंद पळताना दिसतात.

पण गाढवच का? राखाडी रंगावरून, असं सांगून काही कोश मोकळे होतात. हे उत्तर आळशी आहे. राखाडी तर उंदीरही असतो. डायोस्कोरिडीस खूण सांगतो ती अशी: पुष्कळ पाय, आणि हात लागताच अंगाचा गोळा. असा गोळा झालेला प्राणी उतारावर सोडा, गडगडत जातो. गाढव उकिरड्यावर लोळतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, आणि वुडलाउसही उकिरड्याच्या ओलसर थरात हमखास सापडतो. सवय जुळते, जागा जुळते. माझं ठाम मत आहे की नाव या लोळण्यावरून पडलं; रंगाचा मेळ मागाहून बसवला गेला.

यातून एक गोष्ट निघते. ओनिस्कस असेलस गोळा होत नाही. डिवचला की अंग चपटं करून पृष्ठभागाला घट्ट चिकटतो. गोळा होतात ते आर्माडिलिडियमसारखे दुसरे वुडलाउस. म्हणजे ग्रीकांचं गाढव एक, आणि लिनियसने जिच्यावर दुहेरी गाढवपणा लादला ती जात भलतीच!

आता ओळख. लांबी सुमारे १६ मिलिमीटरपर्यंत, आकार चपटा लंबगोल. पाठ गुळगुळीत आणि चकचकीत, करडी-तपकिरी. तीवर फिकट पिवळसर ठिपक्यांच्या ओळी, कडाही फिकट. गल्लत होते ती 'पोर्सेलिओ स्केबर' या दुसऱ्या वुडलाउसशी (पोर्सेलिओ म्हणजे डुकराचं पिल्लू). त्याची पाठ खरखरीत, दाणेदार. दहापट भिंगाखाली शृंगिकेचं (डोक्यावरच्या मिशीचं) टोक पाहा: असेलसमध्ये शेवटच्या बारीक भागाला तीन कांडी, पोर्सेलिओत दोन. मग हलकेच उलटा करा. पोर्सेलिओच्या पोटाशी मागच्या बाजूला श्वसनाचे पांढरे ठिपके दिसतात, असेलसला ते नसतात.

म्हणूनच असेलसला ओल जास्त लागते. कवचावर कीटकांसारखा मेणाचा थर नाही, त्यामुळे कोरड्या हवेत अंगातलं पाणी भराभर उडतं. दिवसा तो कुजलेल्या ओंडक्याच्या सुटलेल्या सालीखाली, दगडाखाली, पाल्यात शोधावा. साल उचलली तर पुन्हा जागच्या जागी ठेवावी. अर्धा फिकट, अर्धा गडद दिसला तर नवी जात समजू नये. हा कात दोन टप्प्यांत टाकतो, आधी मागची, काही दिवसांनी पुढची. आणि पायांच्या सहाच जोड्या मोजल्या गेल्या तर ते आईच्या पोटाखालच्या पिशवीतून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू असतं. सातवी जोडी पुढे कात टाकल्यावर येते.