गोव्याच्या पावसात लेदर जॅकेटला बुरशी धरली. कशी काढू आणि पुढे जॅकेट कसं जपू?

पुण्याहून म्हापशाला आलात, बाईकवर घालायचं काळं लेदर जॅकेट जूनमध्ये कपाटात टांगलंत, आणि चवथीनंतर बाहेर काढलं तर अंगावर पांढरे डाग, काळवंडलेली कॉलर, अस्तराला कुबट वास. एकजण सांगतो खोबरेल चोळा, दुसरा सांगतो ड्रायक्लीनला टाका. तुमचा प्रश्न मी असा समजलो. मी डिचोलीत राहतो, चोर्ला आणि अनमोडच्या घाटांत बरीच वर्षं लेदर घालून फिरतोय आणि मित्रांची जॅकेटंही साफ करून देतो. तुमचं जॅकेट बहुतेक वाचेल. खोबरेल मात्र लावू नका, आणि कपड्यांच्या ड्रायक्लीनवाल्याकडेही देऊ नका.

पुण्यात लेदर कोरडं पडून तडकेल ही काळजी असते, म्हणून तिथे तेलपाण्याचा सल्ला मिळतो. इथे गणित उलटं आहे. पणजीला वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. बुरशीला ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस मिळाले की पुरतात. शिवाय अंधार हवा, वारा नको, आणि खायला काहीतरी हवं. ते खाणं म्हणजे आपला घाम, मानेचा मळ, केसांचं तेल, आणि आपणच प्रेमाने चोळलेलं तेल. इथली जॅकेटं रस्त्यावर कमी आणि कपाटात जास्त खराब होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पण सगळंच पांढरं म्हणजे बुरशी नसते. डाग केसाळ, ठिपक्याठिपक्यांचे आणि वासाचे असतील तर बुरशी. पातळ, मेणासारखा पापुद्रा असेल आणि हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून काही सेकंद दिल्यावर तो विरघळून दिसेनासा होत असेल, तर ती चामड्यातलीच चरबी वर आलेली असते. ती मऊ फडक्याने पुसली की संपलं. काखेत आणि पाठीच्या खालच्या बाजूला कडक, खरखरीत पांढरी रेघ असेल तर ते घामाचं मीठ. ते ओल्या फडक्याने विरघळतं. तुमच्याकडे कुबट वासही आहे म्हणता, त्यामुळे बुरशी धरूनच चाला.

आणखी एक गोष्ट आधी बघून घ्या. जॅकेट खरं चामडं आहे ना? बाजारात ‘लेदर’ म्हणून मिळणारं बरंचसं कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं असतं. तो थर दमट उष्ण हवेत कालांतराने चिकट होतो आणि खपल्या सुटायला लागतात. तसं असेल तर कुठलंच क्रीम त्याला परत आणत नाही, पैसे घालवू नका. खिशाच्या आत किंवा अस्तराच्या कडेला उलटी बाजू दिसली तर पाहा. चामड्याची उलटी बाजू तंतुमय असते, नकली मालाची विणलेल्या कापडासारखी.

आता साफसफाई. जॅकेट घरात झटकू नका, बुरशीचे कण खोलीभर होतात आणि पुढच्या आठवड्यात बुटांवर, पट्ट्यांवर उगवतात. उघडिपीचा दिवस बघा, गॅलरीत किंवा अंगणात सावलीत न्या, तोंडाला मास्क लावा आणि कोरड्या मऊ ब्रशने सगळी बुरशी झाडून काढा. शिवणीच्या खाचा, कॉलरच्या आतली बाजू, झिपच्या झडपेखालचा भाग विसरू नका, ती तिथेच दडते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून सुती फडकं त्यात हलकं ओलं करा आणि एकेक भाग पुसत जा. आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. फडक्याला रंग आला तर थांबा, कारण काही जॅकेटांच्या वरचा रंगाचा थर अल्कोहोलने सुटतो. अशा वेळी नुसतं ब्रश करून लेदर क्लीनरवर काम भागवावं. पुसून झालं की पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मगच पुढचं.

पुढचं म्हणजे मळ. डिचोली-साखळीकडे किंवा खाणपट्ट्यातून फिरत असाल तर लाल धूळ सगळ्यात त्रासदायक. ती कोरडी असतानाच ब्रशने काढायची. ओलं फडकं आधी फिरवलंत की तिचा चिखल होतो आणि तो चामड्याच्या छिद्रांत आणि दोऱ्यात जाऊन बसतो. छातीवर आणि बाह्यांवर चिकटलेले किडे खरवडू नका. ओलं फडकं त्यांच्यावर दहा मिनिटं ठेवा, आपोआप सुटतात.

साबणाबद्दल लोक फार निष्काळजी असतात, म्हणून कारण सांगतो. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं. कपड्यांची पावडर, सोडा, भांड्यांचा साबण हे सगळं अल्कलीकडचं किंवा फार तीव्र. त्याने कारखान्यात चामड्यात मुरवलेलं तेल निघून जातं आणि जॅकेट वाळल्यावर पत्र्यासारखं ताठ होतं. ड्रायक्लीनच्या द्रावकांनीही तेच होतं, शिवाय रंग जातो. म्हणून लेदर क्लीनर घ्या. तो नसेल तर लहान मुलांचा सौम्य शॅम्पू, थेंबभर, कोमट पाण्यात. फडकं पिळून घट्ट करायचं, जॅकेट भिजवायचं नाही. कॉलर आणि मनगटाकडच्या घड्या दोनदा-तीनदा करा, तिथे तेलकट मळाचे थर असतात. शेवटी साध्या ओल्या फडक्याने साबण काढून घ्या. राहिलेला साबणसुद्धा बुरशीला चालतो.

आतली बाजू लोक सोडूनच देतात, आणि वास तिथूनच येतो. उबदार अस्तर सुटं असेल तर काढून हाताने धुवा. खांदे, कोपर, पाठ यातले संरक्षक पॅड खिशांतून काढा, सौम्य साबणाच्या पाण्यात दाबून धुवा आणि सावलीत वाळवा. काढलेच आहेत तर नीट बघूनही घ्या. त्यावर ईएन १६२१ असं युरोपीय सुरक्षा मानक छापलेलं असतं. बोटाने दाबल्यावर भुकटी पडत असेल किंवा दाबलेला खड्डा तसाच राहत असेल तर पॅड बदला. हा फोमही दमटपणाने म्हातारा होतो आणि पडण्याच्या वेळी उपयोगाचा राहत नाही. शिवलेलं अस्तर मात्र धुवायला जाऊ नका. जॅकेट उलटं करा, साबणाचं हलकं पाणी लावलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि उलटंच पंख्यासमोर ठेवा. इथल्या हवेत दोन दिवस लागले तरी लागू देत.

वाळवताना ऊन नको, इस्त्री नको, चुलीजवळ नको. चामडं ओलं असताना उष्णता सोसत नाही. त्यातले तंतू आकसतात आणि मग ते कायमचं कडक होतं. हाच नियम घाटात भिजून आल्यावर. वरचं पाणी टिपा, खिसे रिकामे करा, सगळ्या झिपा उघडा, रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर टांगा आणि पंखा लावा. खरं तर भर पावसात लेदर घालूच नका, कापडी रायडिंग जॅकेट घ्या. आणि घालावंच लागलं तर वरून रेनसूट.

आता खोबरेल. आपल्या घरात ते हाताशी असतं, म्हणून मोह होतो. पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे चोर्ल्याला जॅकेटवर पांढुरकी साय आलेली दिसू शकते. ते शिवणीत उतरतं, धूळ धरतं, चामडं ढिलं आणि काळपट करतं, आणि पुढच्या पावसात बुरशीला जेवण घालतं. बाईकचं जॅकेट रस्त्यावर घासलं तरी फाटू नये म्हणून १.१ ते १.४ मिलिमीटर जाड चामड्याचं केलेलं असतं. तेल पाजून ते लुसलुशीत करण्यात शहाणपण नाही. बाजारातलं लेदर कंडिशनर घ्या, फडक्यावर वाटाण्याएवढं, पातळ हात फिरवा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून टाका. कोपरांना आणि बाह्यांच्या घड्यांना थोडं जास्त चालेल.

कधी लावायचं यावर माझं मत ठाम आहे: पाऊस गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, वर्षातून एकदा. नोव्हेंबरात वागातोरला मोटोव्हर्स हा रॉयल एनफिल्डचा बाईकवाल्यांचा मेळा असतो, पूर्वीचं रायडर मेनिया, आणि त्याच्या आधी आमच्याकडची सगळी जॅकेटं या कामाला निघतात. मे महिन्यात मात्र फक्त साफ करून कोरडं करायचं, तेलकट काही लावून पावसाळ्यासाठी कपाटात घालायचं नाही. बुटांचं पॉलिश तर कधीच नको, ते शर्टाला आणि मागे बसणाऱ्याला लागत राहतं.

ठेवण्याची जागा हा या सगळ्याचा गाभा आहे. गोव्यात जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तर पाऊस आडवा येतो. त्या भिंतीला टेकलेलं कपाट म्हणजे बुरशीची शेतीच. कपाट आतल्या भिंतीकडे न्या, मागे वीतभर जागा सोडा. जॅकेट प्लॅस्टिकच्या कव्हरात घालू नका, जुनी सुती चादर पांघरा. डांबराच्या गोळ्या कसर पळवतात, बुरशीला त्या काही करत नाहीत. ओल शोषणारे डबे ठेवायचे तर बहुतेकांत कॅल्शियम क्लोराइड असतं आणि त्यात खाली पाणी साठतं. ते पाणी चामड्यावर सांडलं तर चामडं कायमचं खराब होतं, म्हणून डबा जॅकेटच्या वर टांगू नका, खाली ठेवा आणि वेळेवर रिकामा करा. सिलिका जेलची मोठी पाकिटं घट्ट बंद होणाऱ्या पेटीत चांगली, उघड्या कपाटात ती लवकरच ओल पिऊन भरून जातात. एक स्वस्त आर्द्रतामापक आणा. आकडा ६० च्या खाली राहिला तर निश्चिंत. नाही राहिला तर जॅकेट कपाटातून काढून बेडरूममध्ये, एसी किंवा पंखा चालतो तिथे, उघड्यावर टांगा. पावसाळाभर आठवड्यातून एकदा घालून घरातच दहा मिनिटं फिरलात तरी घड्या उघडतात आणि वारा लागतो.

झिपा समुद्राच्या खाऱ्या हवेने हिरवट होतात. जुन्या टूथब्रशने घासा आणि दात्यांवरून मेणबत्ती फिरवा.

हे सगळं झाल्यावर उजेडात बसून शिवणी तपासा. खांदा, कोपर आणि काखेतली शिवण दोन्ही हातांनी ओढून बघा. बुरशीने सुती दोरा कुजतो. चांगल्या जॅकेटांत नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा असतो, तो टिकतो, पण कधी कुणी गावात दुरुस्त करून घेतलेला भाग सुती दोऱ्याचा निघतो. चांभाराकडे दिलंत तर जाड नायलॉन दोरा वापरायला आणि जुन्या भोकांतूनच शिवायला सांगा, नवी भोकं पाडली की चामडं तिथूनच फाटतं. शिवण ओढल्यावर उघडत असेल तर ती शिवून येईपर्यंत ते जॅकेट घालून घाटात जाऊ नका.