‘हे कुठे लिहिलंय?’ या प्रश्नाची धास्ती

‘पुस्तकाच्या चर्चेत मत मांडलं की लोक पुरावा मागतात, मग माझं तोंडच बंद होतं,’ असं सांगणारे बरेच जण भेटतात. त्यातल्या एका ताईंचा अनुभव सांगते, त्यांच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून.

नाशिकमध्ये त्यांचा वाचनगट आहे. एकदा तिथे वि. वा. शिरवाडकरांच्या, १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’ या नाटकावर चर्चा होती. शिरवाडकर म्हणजे नाशिककरांच्या घरचंच माणूस, त्यामुळे सगळेच हिरिरीने बोलत होते. नाटकाचा नायक, म्हातारे नट बेलवलकर, यांच्याबद्दल ताई म्हणाल्या, “बेलवलकरांच्या हालांना ते स्वतःच जबाबदार आहेत.” कुणीतरी विचारलं, “नाटकात असं कुठे आहे?” त्यांना उत्तर सुचेना. त्यानंतर त्यांनी गटात जाणंच सोडलं.

एवढ्याशा प्रश्नाचा एवढा राग का? बोलता बोलता उलगडलं. सासऱ्यांनी हयातीतच राहतं घर मुलांच्या नावावर केलं आणि पुढे औषधपाण्यासाठीही त्यांना हात पसरावे लागले. ताईंनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. पुरावा मागितल्यावर त्यांना वाटलं, आपण सोसलेलंच खोटं ठरतंय. प्रश्न नाटकाबद्दल होता, लागला मात्र घराला. हे मी फार वेळा पाहते, आणि अशा माणसाला ‘मुद्देसूद बोला’ म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं.

मी त्यांना सार्वजनिक वाचनालयातून नाटकाची प्रत आणायला सांगितली. वाचताना जिथे पोटात तुटेल तिथे चिठ्ठी घालायची, निष्कर्ष नंतर. एक चिठ्ठी सुरुवातीलाच होती: बायको कावेरी सावध करत असतानाही बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात. दुसरी लेकीच्या घरी, चोरीचा आळ येतो तिथे. ती काढून ताई थांबल्या. “हे काही त्यांनी ओढवून घेतलेलं नाही हो,” त्या स्वतःच म्हणाल्या.

मग मत नव्याने बांधलं: सगळं देऊन टाकणं ही बेलवलकरांची चूक, आळ घेणं हा लेकीचा अन्याय. सासऱ्यांची हकिगतही सांगायची, पण वेगळी: ‘मला हे इतकं का टोचतं, तर आमच्या घरी असं झालंय.’

ताई पुन्हा जायला लागल्या. एका काकांनी ‘ती वाटणी म्हणजे माया, चूक नव्हे’ असं ठासून सांगितलं. ताईंना पटलं नाही, पण त्या उठून गेल्या नाहीत. कवितेच्या चर्चेत त्या अजून गप्पच असतात. तिथे सध्या एकच ओळ निवडून ती मोठ्याने वाचायची, एवढंच ठरलंय.