ओळखपत्रातली चिप नाकारता येते का?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमधील एका खासगी विनाअनुदानित शाळेत सातवीत शिकते. या वर्षी शाळेने सर्व मुलांना चिप असलेली ओळखपत्रे दिली आणि त्यासाठी साडेतीनशे रुपये वेगळे घेतले. फाटक, बस, वर्गाचे दार आणि मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ अशा चार ठिकाणी कार्ड टिपणारी यंत्रे बसवली आहेत. सर्व नोंदी एका खासगी कंपनीच्या अ‍ॅपवर जातात आणि त्या अ‍ॅपच्या अटींत ‘माहिती आमच्या सहयोगी संस्थांना दिली जाऊ शकते’ असे वाक्य आहे. मुलगी शाळेबाहेर कुठे आहे हेही शाळेला कळत असेल, अशी मला भीती वाटते. गेल्या महिन्यात मुलगी कार्ड घरी विसरली, तेव्हा तिला दोन तास कार्यालयाबाहेर बसवून ठेवले व गैरहजेरी मांडली. मी हे कार्ड नाकारू शकते का?

उत्तर : आपले पत्र, अ‍ॅपच्या अटींची प्रत आणि कार्डाचे छायाचित्र मिळाले. आपला प्रश्न चिपविषयी असला, तरी कायद्याच्या दृष्टीने आपली सर्वांत भक्कम बाजू पत्राच्या शेवटी आलेल्या त्या दोन तासांत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ म्हणजे पंचवीस टक्के राखीव जागांचा कायदा, असा समज पालकांतच नव्हे तर शाळांतही रूढ आहे. प्रत्यक्षात त्याच्या कलम १७ ने कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा देण्यास किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई केली असून, तसे करणाऱ्यावर त्याच्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. समोर हजर असलेल्या, सर्व शिक्षक ओळखत असलेल्या मुलीला केवळ प्लॅस्टिकचा एक तुकडा गळ्यात नाही म्हणून वर्गाबाहेर ठेवणे आणि वर तिला गैरहजर दाखवणे, हे या तरतुदींपुढे टिकणे अवघड आहे. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी तक्रार करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते; त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. मात्र शाळेला अल्पसंख्याक दर्जा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार हा कायदा तिला लागू होत नाही. तेवढे आधी तपासून घ्यावे.

आता चिपकडे वळू. अशा बहुतेक कार्डांत बॅटरी नसते. यंत्राच्या रेडिओ लहरींतून क्षणभर शक्ती घेऊन कार्ड स्वतःचा क्रमांक सांगते आणि पुन्हा निपचित पडते. त्यामुळे मुलगी बाजारात किंवा आजीकडे असताना शाळेला तिचा ठावठिकाणा कळतो, ही आपली भीती बहुधा निराधार आहे. कार्ड कोणत्या जातीचे आहे हे छायाचित्रावरून मला कळत नाही, पण आपल्याला घरी पाहता येईल. कार्डामागे मोबाईलचा टॉर्च धरावा. कडेने फिरलेले तारेचे वेटोळे दिसले आणि एनएफसी (जवळ टेकवलेले कार्ड वाचण्याची सोय) असलेल्या फोनने ते ओळखले, तर ते काही सेंटिमीटरवर टेकवायचे १३.५६ मेगाहर्ट्‌झचे कार्ड आहे. फोन काहीच बोलला नाही आणि मूल नुसते चालत गेले तरी नोंद होत असेल, तर ते फास्टॅगच्या जातीचे, काही मीटरवरून वाचले जाणारे कार्ड समजावे. हा फरक मी उगाच सांगत नाही. पहिल्या प्रकारात मूल स्वतः कार्ड टेकवते; दुसऱ्यात त्याला पत्ता न लागता नोंद होते, आणि असे यंत्र स्वच्छतागृहाच्या बोळात असेल तर बारा-तेरा वर्षांची मुलगी दिवसातून किती वेळा व किती वेळ तिकडे गेली, याची तारीखवार वही एका त्रयस्थ कंपनीकडे तयार होते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ९ ने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे आणि मुलांचा माग काढण्यास मनाई केली आहे. हे वाचून अनेक पालक लगेच शाळेला नोटीस पाठवायला निघतात; त्यांना मी थांबवतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांसोबत आलेल्या अधिसूचनेने हे कलम अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात येईल असे ठरवले आहे. शिवाय त्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीने शैक्षणिक कामासाठी व मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांना, आणि प्रवासातील सुरक्षिततेपुरती शाळेच्या वाहतूकदारांना, यातून सूट दिली आहे. फाटकावरची आणि बसमधली नोंद या सुटीत सहज बसते, त्यामुळे त्या दोन नोंदींविरुद्ध भांडण्याचा सल्ला मी देणार नाही.

बोळातली नोंद आणि ‘सहयोगी संस्था’ मात्र त्या सुटीत बसवणे कठीण आहे. संमती केवळ आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ग्राह्य धरावी, हे सांगताना याच २०२३ च्या अधिनियमाच्या कलम ६ मध्ये एक उदाहरणच दिले आहे: दूरवैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपने फोनमधील संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्याने तो होकार यादीपुरता निरर्थक ठरतो. हजेरीसाठी घेतलेल्या माहितीचे वाटप याच मापाने मोजले जाईल. या कायद्याखालील दंड कोट्यवधींचा असला तरी तो सरकारी तिजोरीत जातो, पालकाच्या हाती काही येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

म्हणून आज शाळेला नोटीस न देता मुख्याध्यापकांच्या नावे साधे पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. मजकूर असा असावा: ‘माझ्या मुलीला चिपविरहित ओळखपत्र द्यावे किंवा तिची नोंद फक्त फाटक व बस येथेच घ्यावी. स्वच्छतागृहाच्या मार्गावरील यंत्र काढावे. नोंदी किती दिवस ठेवल्या जातात, कोणाला दिसतात व कोणत्या संस्थांना दिल्या गेल्या, हे लेखी कळवावे. अमुक तारखेची गैरहजेरी दुरुस्त करावी.’ चिपविरहित कार्डाची मागणी आडमुठी नाही. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या नॉर्थसाइड शाळाजिल्ह्यात २०१२ मध्ये असाच वाद झाला. चिप नसलेले कार्ड देऊ केले होते, या मुद्द्यावरच तिथल्या फेडरल न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये विद्यार्थिनीला दिलासा नाकारला. पुढे त्याच वर्षी शाळाजिल्ह्याने ती योजनाच गुंडाळली. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण मध्यम मार्ग कोणता हे त्यावरून दिसते.

साडेतीनशे रुपयांबाबत, महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार ठरलेल्या शुल्काबाहेर रक्कम घेता येत नाही. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने हा आकार मंजूर केला होता का, एवढे विचारावे. माहिती बाहेर गेल्याचा पुरावा हाती आला, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल, कारण ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती इतरांना देणे ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र शिक्षणसंस्था ‘सेवा’ देते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला असल्याने तक्रारीचा रोख कंपनीवर ठेवावा. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार तूर्त करू नये. खर्च मोठा आहे आणि शाळेने अजून आपल्या पत्राला नकारही दिलेला नाही.

उत्तर येईपर्यंत कार्डाला भोक पाडणे, ते फॉइलमध्ये गुंडाळणे असे काही करू नये. नोंद होणार नाही हे खरे, पण गैरहजेरी पुन्हा मुलीच्याच नावावर पडेल आणि मालमत्तेच्या नुकसानीचा मुद्दा शाळेच्या हाती आयता जाईल. अ‍ॅपही इतक्यात काढू नये. आधी अटींच्या प्रत्येक पानाचे आणि त्या दिवशीच्या गैरहजेरीचे तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. अटी एका रात्रीत बदलतात आणि जुनी प्रत मागून मिळत नाही.