कोणता धर्म खरा हे माहीत नसताना हिशेब मांडून धर्म निवडता येईल का?

तुम्ही विचारलंय की देव आहे का, असला तर कोणत्या धर्माने सांगितलेला, हे खात्रीने कळायला मार्ग नाही. मग प्रत्येक पर्यायाची शक्यता आणि त्यातला नफा-तोटा यांचा गुणाकार करून, ज्या धर्मात बक्षीस किंवा शिक्षा सर्वांत मोठी आहे तो पत्करणंच शहाणपणाचं नाही का?

हिशेब जरूर मांडा. फक्त त्यात ‘अनंत’ घालू नका. ते आत आलं की हिशेबातून काहीही निष्पन्न होत नाही.

तुम्ही मांडलेला हा हिशेब म्हणजे एक पैजच आहे, आणि ती सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कलच्या नावाने ओळखली जाते. १६५४ मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून, अर्धवट सुटलेल्या डावातली रक्कम खेळाडूंत कशी वाटायची हे त्याने सोडवलं होतं. शक्यतांच्या गणिताची सुरुवात साधारण तिथून धरतात. तेव्हा श्रद्धेबद्दल लिहितानाही तो डावाच्या भाषेत बोलला यात नवल नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये छापल्या गेलेल्या टिपणांतला युक्तिवाद थोडक्यात असा: देव असण्याची शक्यता कितीही कमी असो, शून्य नसली म्हणजे झालं. जिंकलात तर अनंत सुख, हरलात तर चार दिवसांची मौज गेली. कितीही लहान संख्येला अनंताने गुणलं तरी उत्तर अनंतच. म्हणून श्रद्धेवर पैज लावा. आपल्याकडचं ‘अस्ति चेन्नास्तिको हतः’ (असला, तर नास्तिक बुडाला) हे वचनही परलोकाबद्दल याच वळणाने जातं, मात्र त्यात गुणाकार नाही.

आता नाणं उडवा. छापा आला तर धर्म स्वीकारायचा, काटा आला तर नाही. अर्ध्याला अनंताने गुणलं, उत्तर अनंत. म्हणजे नाणं उडवणं हे सरळ श्रद्धा ठेवण्याइतकंच फायद्याचं ठरलं! नाण्याऐवजी लाखात एकाला लागणारी सोडत घेतली तरी तेच. त्याहून पुढे, आज काहीच न करता नुसतं बसून राहिलात, तरी पुढे कधीतरी तुमचं मन पालटेल याची किंचित शक्यता उरतेच. तेव्हा बसून राहण्याचं मूल्यही अनंत. तत्त्वज्ञ ॲलन हायेक यांनी २००३ मध्ये हा आक्षेप नीट बांधून मांडला. पास्कलवर घेतलेल्या सगळ्या आक्षेपांत मला हाच सर्वांत घातक वाटतो, कारण त्याला धर्माशी काही देणंघेणंच नाही. कट्टर आस्तिकालाही तो मान्य करावा लागतो.

अनेक धर्मांचा मुद्दा जास्त प्रसिद्ध आहे. फ्रेंच विचारवंत दिदरोने अठराव्या शतकातच म्हटलं होतं की एखादा इमामही नेमका हाच युक्तिवाद करू शकेल. त्यात हिशेब करून आलेल्या भक्तांचाच ज्याला राग येतो असाही एखादा देव कल्पिता येतो, त्याची शक्यता शून्य कशी म्हणणार? दोन्ही पारड्यांत अनंत आलं की वजाबाकीला अर्थ उरत नाही.

मग अनंत सोडून फक्त खूप मोठा आकडा घ्यावा का? तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी २००९ मध्ये यावर एक गमतीदार संवाद लिहिला. लुटारू पास्कलला गाठतो, पण शस्त्र आणायला विसरलेला असतो. तो म्हणतो, पाकीट दे, उद्या अवाढव्य मोबदला आणून देतो. पास्कलला विश्वास वाटत नाही, पण लुटारू आकडा इतका फुगवतो की गुणाकारापुढे पास्कलचा नाइलाज होतो आणि पाकीट जातं. सर्वांत मोठ्या धमकीला सर्वांत जास्त वजन देण्याचा तुमचा नियम पाळला तर तुमचंही हेच होईल: जो मोठा आकडा बोलेल, त्याच्या हातात तुमच्या निर्णयाची चावी. गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये अशाच एका कोड्यावर सुचवलं होतं की रक्कम वाढते त्याच प्रमाणात तिची किंमत माणसाला वाढत नाही. मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की मूल्याला वरून मर्यादा घाला.

मर्यादा घातल्यावर काय होतं पाहा. बक्षिसाला दहा लाख गुण आणि आयुष्यभराच्या पालनाला पाचशे गुण खर्च धरू. शक्यता हजारात एक असेल तर अपेक्षित लाभ हजार गुण, म्हणजे पैज लावावी. दहा हजारांत एक असेल तर लाभ शंभर आणि खर्च पाचशे, म्हणजे लावू नये. सगळा भार शक्यतेवर आला, आणि ती ठरवायला पुरावेच तपासावे लागतात. पैजेने टाळू पाहिलेलं काम पुन्हा दारात उभं!

शिवाय ‘विश्वास ठेवणं’ हा पर्याय तक्त्यात लिहिता येतो, पण ठरवून विश्वास बसत नाही. हे पास्कललाही ठाऊक होतं. म्हणूनच त्याचा सल्ला होता की श्रद्धावंतांसारखं वागायला लागा, विश्वास मागून येईल. तेव्हा आपल्या हातात असते ती आचरणाची निवड, आणि तिचा खर्च व फायदा याच जन्मात मोजता येतो.

म्हणूनच मला मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं अपण्णक सुत्त (बुद्धांचा एक उपदेश) पास्कलपेक्षा सरस वाटतं. तिथे बुद्ध म्हणतात: परलोक नसला, तरी वाईट आचरण करणाऱ्याची इथे सुज्ञांकडून निंदा होतेच, आणि असला तर तो दोन्हीकडून हरला. उपमा तिथेही फाशांच्या डावाचीच आहे. सुज्ञांनी केलेली निंदा-स्तुती हा नफा-तोटा मला जरा कच्चा वाटतो, पण मांडणी चोख आहे: परलोक असो वा नसो, जी चाल हरत नाही ती खेळा. अनंताची गरजच पडत नाही.

तुमच्या तक्त्यात मी आणखी एक रकाना घालेन, माघारीचा. प्रार्थना, वाचन, उपास, सत्संग हे करून पाहता येतं, नाही पटलं तर सोडता येतं, आणि करताना तुमच्या शक्यतेच्या अंदाजातही भर पडते. घरच्यांशी नातं तोडणं, सगळी मिळकत देऊन टाकणं, मुलांचं आयुष्य बांधून टाकणं यातून परत फिरता येत नाही. पहिल्या प्रकाराला थोडी शक्यता पुरेशी आहे. दुसऱ्यासाठी मी भक्कम पुरावा मागेन, आणि मागणाऱ्याने शिक्षेचा आकडा कितीही वाढवला तरी तो पुराव्यात धरणार नाही.